नामांकित कॉलेजात शिकलं तरच आयुष्यात यश मिळतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकालाच्या दिवसांत मला येणारे फोन साधारण एकाच विषयाचे असतात. कधी मूल बोलत असतं, कधी आई, कधी वडील. आवाजातली काळजी मात्र सारखीच. गेली बरीच वर्षं मी विद्यार्थ्यांना प्रवेशाबद्दल मार्गदर्शन करते, आणि मधली काही वर्षं नोकरभरतीच्या निवड समितीवरही होते. मुलं कॉलेज कशी निवडतात आणि पुढे त्या नावाचं काय होतं, हे दोन्ही जवळून पाहायला मिळालं. पुन्हा पुन्हा विचारल्या गेलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

थोडक्यात सांगा, फरक पडतो की नाही?

पडतो, पण सगळ्यांना सारखा पडत नाही. हुशार, मेहनती आणि घरून भक्कम पाठबळ असलेल्या मुलाच्या कमाईत सरासरीने फारसा फरक पडत नाही. जी मुलगी तिच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच आहे, तिला बराच पडतो. शिवाय काही मोजकी क्षेत्रं अशी आहेत, जिथे पहिलं दारच कॉलेजचं नाव बघून उघडतं. त्यामुळे "फरक पडतो का?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुणाला आणि कशासाठी?

पण मोठ्या पदांवरची माणसं बघा. बहुतेक त्याच चार-दोन कॉलेजांतली असतात. मग?

बरोबर आहे, आणि हे आकडे वाचून पोटात गोळा येणारच. अमेरिकेतली १२ अतिनामांकित कॉलेजं घ्या: आयव्ही लीग या जुन्या, नामवंत खासगी विद्यापीठांच्या गटातली ८ (हार्वर्ड त्यातलंच एक), आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक व शिकागो. तिथले अर्धा टक्क्याहून कमी लोक या कॉलेजांत शिकतात. पण देशातल्या सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांच्या प्रमुखांपैकी १० टक्क्यांहून जास्त, सिनेटरांपैकी सुमारे पाव आणि गेल्या अर्धशतकात नेमलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांपैकी सुमारे पाऊण हिस्सा इथूनच आला आहे.

आता याचा अर्थ लावताना जपून. बास्केटबॉलच्या संघात सगळे उंच असतात, म्हणून संघात गेल्यावर उंची वाढते असं आपण म्हणत नाही. संघाने मुळात उंच मुलंच निवडलेली असतात. कॉलेजचंही तसंच असू शकतं. मग कॉलेजने घडवलं किती आणि आधीच घडलेलं निवडलं किती, हे वेगळं कसं काढायचं?

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी त्यासाठी एक साधी पण फार चांगली युक्ती केली. १९७६ साली अमेरिकेत कॉलेजात गेलेल्या मुलांच्या नोंदी त्यांनी घेतल्या आणि सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या. म्हणजे दोघांनी सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत अर्ज केले, दोघांना प्रवेश आणि नकारही सारखेच मिळाले. पुढे एक जण नामांकित कॉलेजात गेला आणि दुसऱ्याने काही कारणाने कमी नावाचं निवडलं. १९९५ साली दोघांची कमाई पाहिली, तर जवळपास सारखीच होती. प्रवेश न मिळालेल्या कॉलेजच्या दर्जावरूनसुद्धा मुलाच्या पुढच्या कमाईचा अंदाज येत होता. तिथे अर्ज करावा असं ज्याला वाटलं, त्याच्यात असलेली धमक कॉलेजने नकार दिल्याने कुठे जात नव्हती.

क्रूगर या संदर्भात हॉलिवूडचे दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांचं उदाहरण देत. स्पीलबर्ग यांना चित्रपटशिक्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या विद्यापीठाने प्रवेश नाकारला. ते लाँग बीचच्या सरकारी विद्यापीठात शिकले आणि तिथली राहिलेली पदवी त्यांनी २००२ साली पूर्ण केली, तोवर ते जगप्रसिद्ध झाले होते. एका स्पीलबर्गवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मलाही मान्य आहे. माझा भरवसा आहे तो हजारो साध्या मुलांच्या नोंदींवर.

म्हणजे नावाला काही किंमतच नाही, असं म्हणायचं का?

नाही. इथेच बरेच लेख अर्धं सांगून थांबतात. २०२३ साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी वर सांगितलेल्या १२ कॉलेजांचा पुन्हा अभ्यास केला. त्यांनी वेटिंग लिस्टवरची मुलं पाहिली. वेटिंग लिस्टवरून कुणाला आत घेतलं जातं आणि कुणाला नाही, यात बराचसा योगायोग असतो, म्हणून तुलना चांगली होते. चांगल्या सरकारी विद्यापीठात गेलेल्यांच्या तुलनेत आत गेलेल्यांची सरासरी कमाई इथेही फार वेगळी निघाली नाही. पण कमाईच्या बाबतीत सर्वांत वरच्या १ टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे दीडपट झाली, नामवंत विद्यापीठात पुढचं शिक्षण घेण्याची जवळपास दुप्पट, आणि प्रतिष्ठित संस्थेत नोकरी लागण्याची जवळपास तिप्पट.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं. चांगली नोकरी, स्थिर घर, मनासारखं काम हवं असेल तर तिथे पोहोचायला पुष्कळ वाटा आहेत. अगदी शिखरावरच्या मोजक्या खुर्च्यांकडे जाणारी वाट मात्र अरुंद आहे आणि तिच्यावर नावाचा टोलनाका आहे. आपल्या मुलाला त्या खुर्चीवर बसायचं आहे का, हे न विचारताच बरेच आईवडील त्या रांगेत त्याला उभं करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नाव नेमकं कुठे उपयोगी पडतं?

पहिल्या चाळणीत. एकदा आमच्याकडे चार जागांसाठी दोनशेहून जास्त अर्ज आले होते. पहिली छाननी एका दुपारी उरकायची होती, म्हणजे एका अर्जाला फार तर मिनिटभर. माझ्या शेजारचे सहकारी पेन्सिलने कॉलेजच्या नावाखाली रेघ मारत होते. ओळखीचं नाव दिसलं की अर्ज उजवीकडच्या गठ्ठ्यात, नाही दिसलं की डावीकडच्या. मीही तेच करत होते.

दुसऱ्या दिवशी डावीकडचा एक अर्ज परत टेबलावर आला, कारण ऑफिसातल्या एकाने "या मुलाचं काम एकदा बघा" म्हणून चिठ्ठी पाठवली होती. त्या मुलाने केलेल्या कामाचा तपशील दुसऱ्या पानावर होता, आणि तो उत्तम होता. आदल्या दिवशी ते पान कुणी उलटलंच नव्हतं. त्याला आम्ही घेतलं. त्या गठ्ठ्यातली बाकीची दुसरी पानं मात्र तशीच राहिली, आणि ती मला आजही आठवतात.

अमेरिकेतल्या बड्या कायदा, सल्लागार आणि गुंतवणूक कंपन्यांच्या भरतीचा समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी जवळून अभ्यास केला. त्यांनाही हेच दिसलं: कंपन्या ठरावीक कॉलेजांतच माणसं शोधायला जातात आणि बाहेरून आलेले अर्ज क्वचितच नीट वाचले जातात.

हा जोर फार काळ टिकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत "आधी काय केलंत?" हाच प्रश्न येतो. दहा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला त्याचं कॉलेज विचारल्याचं मला एकदाही आठवत नाही.

आणि ओळखी? खरा फायदा तोच ना?

बराचसा तोच. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक गोष्ट दाखवून दिली: नव्या संधीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते, कारण जिवलगांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीतच असतं. २०२२ साली लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही नोकरी मिळवून देण्यात अशा जुजबी ओळखीच पुढे दिसल्या.

नामांकित कॉलेज अशा ओळखी आयत्या देतं. वसतिगृहातला शेजारी, दोन वर्षं पुढची मुलगी, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात भेटलेलं कुणीतरी. दुसऱ्या कॉलेजात त्या स्वतः जमवाव्या लागतात. जास्त वेळ लागतो, जास्त संकोच वाटतो, पण जमतं. वर ज्याच्यासाठी चिठ्ठी आली, त्या मुलाने एका कार्यशाळेत प्रश्न विचारला होता आणि नंतर आभाराचा मेल पाठवला होता. ओळख एवढीच.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच आहे. मी नावाच्या मागे लागावं का?

परवडत असेल तर हो, आणि हे मी ठामपणे सांगते. डेल आणि क्रूगर यांच्या निष्कर्षाला एक मोठा अपवाद होता. १९७६ च्या तुकडीत गरीब घरच्या मुलांना नामांकित कॉलेजचा फायदा झाला. नंतर २०११ साली त्यांनी जास्त नोंदी घेऊन पुन्हा तपासलं, तेव्हा कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाच्या आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांची कमाई तिथे गेल्याने खरोखर वाढलेली दिसली. कारण समजण्यासारखं आहे. ज्या घरात डॉक्टर, वकील, अधिकारी जेवायला येतात, तिथल्या मुलाला कॉलेज नवीन काय देणार? अर्ज कसा लिहायचा, कुणाला फोन करायचा, मुलाखतीत कसं बोलायचं, हे त्याने घरीच ऐकलेलं असतं. तुम्हाला ते सगळं कॉलेजातच पहिल्यांदा ऐकायला मिळणार आहे.

पण एक कडू गोष्टही सांगायला हवी. अर्थतज्ज्ञ सेथ झिमरमन यांचा चिलीतला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या दोन सर्वांत नामांकित विद्यापीठांत कायदा, इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापनाला थोडक्यात प्रवेश मिळालेली आणि थोडक्यात हुकलेली मुलं त्यांनी पाहिली. कंपन्यांच्या सर्वोच्च पदांवर पोहोचण्याची शक्यता प्रवेशाने वाढली, पण फक्त महागड्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांची. त्याच वर्गात बसलेल्या मुलींना आणि साध्या शाळांतल्या मुलांना तो लाभ झाला नाही. आतमध्येही एक आतला गोट होता, आणि त्यात शिरायला प्रवेशपत्र पुरलं नाही.

म्हणून जा, पण नुसतं वर्गात बसून परत येऊ नका. आपल्याला कुणी ओळखत नाही म्हणून मागच्या बाकावर बसणारी फार हुशार मुलं मी पाहिली आहेत. प्राध्यापकांच्या खोलीचं दार वाजवा. शिष्यवृत्तीची चौकशी करताना लाजू नका. एखादी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि फक्त तुम्हाला नाही असं वाटलं, तर शेजारच्याला सरळ विचारा. बहुतेक वेळा त्यालाही नीट माहीत नसतं.

आणखी एक अन्याय इथे नोंदवते. सारखेच गुण असूनसुद्धा, त्या १२ कॉलेजांत सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतल्या मुलांना जागा मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त आहे, असं चेट्टी आणि सहकाऱ्यांना दिसलं. ज्यांना गरज सर्वांत कमी, त्यांनाच वाट सर्वांत सोपी.

बिल गेट्स, झुकरबर्ग यांनी तर कॉलेज अर्धवट सोडलं. मग कॉलेजची गरजच काय?

त्यांनी सोडलं ते हार्वर्ड. सोडण्यासाठी आधी आत जावं लागलं. गेट्स यांना १९६८ पासून, म्हणजे तेराव्या वर्षापासून, शाळेतच कॉम्प्युटर वापरायला मिळत होता, आणि पुढे मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झालेले स्टीव्ह बामर त्यांना हार्वर्डमध्येच भेटले. झुकरबर्ग यांच्या फेसबुकचे पहिले वापरकर्ते म्हणजे हार्वर्डचेच विद्यार्थी. ही उदाहरणं कॉलेजच्या विरोधात देणं मला कधीच पटलं नाही. नावाचं आणि ओळखींचं बळ याहून ठळक कुठे दिसणार? शिवाय कॉलेज सोडून हरलेल्यांच्या मुलाखती कुणी छापत नाही.

नामांकित कॉलेजात शिकवणं तरी जास्त चांगलं असतं ना?

असेलच असं नाही. संशोधनात मोठं नाव असलेला प्राध्यापक पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवेलच, किंवा शिकवलं तर चांगलं शिकवेल, याची खात्री नसते. बोस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या निवडक प्रवेशपरीक्षेच्या शाळांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. कटऑफच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या मुलांची तुलना केली, तर पुढच्या परीक्षांतल्या गुणांत जवळपास फरक दिसला नाही. निवडक सोबत मिळाल्याने आपोआप कुणी जास्त शिकलं नव्हतं.

याहून मला महत्त्वाची वाटते ती गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांची २०१४ ची पाहणी. अमेरिकेतल्या ३० हजारांहून जास्त पदवीधरांना विचारलं की तुम्ही कामात रमता का, आयुष्यात समाधानी आहात का. कॉलेज किती निवडक होतं याचा या उत्तरांशी फारसा संबंध नव्हता. संबंध होता तो वेगळ्याच गोष्टींशी: शिकण्याची गोडी लावणारा एक तरी शिक्षक भेटला का, माणूस म्हणून आपली काळजी कुणी केली का, पाठीशी उभं राहणारं मार्गदर्शक कुणी होतं का, महिनोन्‌महिने चाललेलं एखादं मोठं काम हातून झालं का. कॉलेज बघायला गेलात की इमारत बघण्याआधी तिथल्या दोन विद्यार्थ्यांना विचारा, "तुमच्या सरांना किंवा मॅडमना तुमचं नाव माहीत आहे का?" उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात, तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

कॉलेज बघावं की विषय?

कमाईपुरतं बोलायचं तर विषय. ब्रिटनमध्ये करनोंदींवरून केलेल्या अभ्यासांत वैद्यक आणि अर्थशास्त्र शिकलेले वर दिसतात, तर ललित कला शिकलेले बरेच खाली. एकाच विद्यापीठातही विषयानुसार मोठी तफावत असते. नावासाठी नको असलेला विषय घेणं हा मला दिसलेला सर्वांत महागडा सौदा आहे. रोज सकाळी उठून तो विषय मुलालाच शिकायचा असतो, नातेवाइकांना नाही.

मोठं कर्ज काढून नामांकित कॉलेजात जावं का?

अंथरूण पाहून पाय पसरावेत. त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या मधल्या विद्यार्थ्याला सुरुवातीला किती पगार मिळतो ते शोधा. जाहिरातीत झळकणारा सर्वांत मोठा आकडा बाजूला ठेवा. त्या मधल्या पगारातून घरखर्च भागवून हप्ता निघतो का, हा हिशेब कागदावर मांडा. निघत नसेल तर थांबा. कर्जाचं ओझं असलेल्या मुलाला मनाजोगती पण कमी पगाराची पहिली नोकरी घेताच येत नाही, आणि पुष्कळदा शिकायला तिथेच मिळत असतं.

तिथे सगळेच हुशार असतील. मी मागे पडले तर?

ही भीती खरी आहे. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून यावर काम केलं आहे. तितकीच क्षमता असलेलं मूल अतिहुशार मुलांच्या वर्गात गेलं की स्वतःला कमी लेखू लागतं. शाळेत कायम पहिली आलेली मुलगी पहिल्या सहामाहीत साठावी येते आणि आपल्याला काहीच येत नाही असं मानते. खरं तर कालच्यापेक्षा तिला आज जास्तच येत असतं. अशा वेळी पहिल्या सहा महिन्यांत विषय किंवा कॉलेज सोडायचा निर्णय घेऊ नका. आणि घरच्यांनी तिला "कितवी आलीस?" हे विचारणं थोडे दिवस बंद करावं.

मला प्रवेश मिळाला नाही. आता?

आधी चार दिवस वाईट वाटून घ्या. एवढी वर्षं ज्याच्यासाठी अभ्यास केला ते हुकलं, तर दुःख होणारच, आणि ते उगाच झटकायची घाई नको.

मग एका मुलीची वही सांगते. तिचं पहिल्या पसंतीचं कॉलेज थोडक्यात हुकलं होतं. दुसऱ्या कॉलेजात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने विभागातल्या सगळ्या प्राध्यापकांची नावं वहीत लिहिली आणि प्रत्येकापुढे ते कशावर काम करतात ते लिहिलं. ज्यांना भेटून आली त्यांच्या नावापुढे तारीख. काहींपुढे "वेळ नाही म्हणाले" असंही होतं आणि पुढे दुसरी तारीख. वर्ष संपताना पानावर जेमतेम तीन नावं तारखेविना उरली होती. तिसऱ्या वर्षी त्यातल्याच एका मॅडमनी तिला आपल्या प्रयोगशाळेत घेतलं आणि पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्रही दिलं. मोठ्या नावाच्या कॉलेजात तिला ही संधी मिळाली असती का, हे मला सांगता येत नाही. इथे स्पर्धा कमी होती आणि दार वाजवणारी ती एकटीच होती.

एक वर्ष थांबून पुन्हा प्रयत्न करू का?

किती गुणांनी हुकलं, कशामुळे हुकलं आणि ते वर्षभरात भरून निघण्यासारखं आहे का, हे आधी बघा. आजारपण किंवा एखादा पेपर बिघडला असेल तर एक वर्ष द्यायला हरकत नाही. दुसऱ्यांदा थांबायला मी कुणालाही सांगत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी बंद खोलीत गेलेली दोन वर्षं मुलांच्या मनावर काय करतात ते मी पाहिलं आहे.

नाव नंतर मिळवता येतं का?

येतं. पदव्युत्तर शिक्षण घेतलं की बायोडेटावर शेवटची पदवीच आधी वाचली जाते. जगप्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांचं उदाहरण घ्या. त्यांनी पदवी नेब्रास्का विद्यापीठातून घेतली, मग हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने त्यांना नाकारलं आणि ते कोलंबियाला गेले. "नकार मिळूनही यशस्वी" म्हणून हा किस्सा सांगतात, पण कोलंबिया काही साधं कॉलेज नव्हे. बफे तिथे गेले ते बेंजामिन ग्रॅहम तिथे शिकवत होते म्हणून. गुंतवणुकीचा सगळा पाया त्यांनी ग्रॅहम यांच्याकडून घेतला. शिक्षक बघून कॉलेज निवडलेलं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आईवडील म्हणून आम्ही काय करावं?

निकाल लागेल त्या दिवशी फोन बाजूला ठेवा. नातेवाईक विचारणारच, त्यांना काय सांगायचं ते मुलाला ठरवू द्या. कॉलेजच्या नावावर तुमचा स्वतःचा मान टांगलेला असेल तर मुलाला ते न बोलताही कळतं, आणि मग हुकलेल्या प्रवेशापेक्षा तुमच्या चेहऱ्याचीच त्याला जास्त भीती वाटते. एका वडिलांनी मला विचारलं होतं, "लोकांना मी आता काय सांगू?" मुलगा शेजारीच बसला होता, मान खाली घालून, हातातल्या फाइलची चेन उघडत आणि लावत. मी त्यांना म्हटलं, आधी त्याच्याशी बोला. ते बाहेर गेले, पॅसेजमधल्या बाकावर बसले, आणि अर्ध्या तासाने दोघं एकत्र परत आले तेव्हा यादीतलं तिसरं कॉलेज कसं आहे, हे विचारत होते.